जनावरांचा आजार आणि पशुपालकाचा मान : रोगनियंत्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुपालक, पशुवैद्यक, पशुसंवर्धनाचे विद्यार्थी आणि लसीकरणाच्या मोहिमा चालवणारे कर्मचारी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. विषय एकमेकांत गुंततो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोग जंतूमुळे होतो. त्यात पशुपालकाच्या ‘ओळखी’चा संबंध येतोच कुठे?

जंतू आपल्या पायाने फार लांब जात नाही, त्याला माणूस नेतो. आजारी जनावर बाजारात न्यायचं की दावणीलाच ठेवायचं, तोंडाला लाळ दिसताच डॉक्टरांना फोन करायचा की दोन दिवस वाट पाहायची, विकत आणलेली गाय काही आठवडे वेगळी बांधायची की त्याच संध्याकाळी कळपात सोडायची, हे सगळं पशुपालक ठरवतो. ठरवताना तो फक्त नफा-तोटा मोजत नाही. ‘माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो?’ हा प्रश्न त्याच्या मनात आधीपासून बसलेला असतो, आणि त्याचं उत्तर म्हणजेच इथे म्हटलेली ओळख. तिच्यात घराण्याचा कळप येतो, जनावराची पारख येते, आपल्या लोकांत असलेला मान येतो आणि सरकारी माणसाकडे बघण्याची नजरही येते.

माणूस स्वतःला एखाद्या गटाचा मानू लागला की गटाच्या रीती त्याला स्वतःच्या वाटू लागतात, हे हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडलं. गोठ्यात त्याचा अर्थ सरळ आहे. एखादी खबरदारी ‘आपल्यातले लोक घेतात’ असं वाटलं तर ती घेतली जाते. ती ‘ऑफिसवाल्यांचं खूळ’ वाटली तर कागदावर सही होते आणि गोठ्यात काहीच बदलत नाही.

२. ‘चांगला पशुपालक’ कोण, हे ठरवतं कोण?

शेजारी ठरवतात, आणि बहुतेक वेळा रस्त्यावरून बघून ठरवतात. पर्यावरणाच्या योजनांना शेतकरी विरोध का करतात याचा शोध घेताना रॉब बर्टन या संशोधकाने २००४ मध्ये हा मुद्दा नेमका पकडला. सरळ तास, तणमुक्त रान, अंगावर तकाकी असलेली जनावरं या बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर शेतकरी एकमेकांना जोखतात, आणि त्यातूनच मान मिळतो.

रोगनियंत्रणाची खरी अडचण इथे सुरू होते, म्हणून जरा थांबून सांगतो. आजार टाळण्याची जवळजवळ सगळी कामं रस्त्यावरून दिसत नाहीत. बूट धुतलेले दिसत नाहीत. नवी गाय वेगळी बांधली होती हे कुणाला कळत नाही. वेळेवर दिलेली लस अंगावर दिसत नाही आणि न झालेला रोग तर मुळीच दिसत नाही. याउलट दाराशी जंतुनाशकाचं टाकं ठेवलं की येणारा-जाणारा विचारतो, ‘काय, आजार शिरलाय की काय?’ म्हणजे चांगल्या कामाचा मान मिळायचा सोडून संशयच पदरी पडतो. पशुपालक या गोष्टी टाळतो तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी हा हिशेब बघायला हवा.

३. मग ही न दिसणारी कामं दिसती कशी करायची?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण उत्तर टांझानियातल्या मासाई पशुपालकांचं आहे. तिथे गोचिडांमुळे पसरणारा ईस्ट कोस्ट फीवर वासरांचा मोठा घास घेतो. त्यावरची लस देण्याची पद्धत वेगळीच आहे. जिवंत परजीवी टोचायचे आणि त्याच वेळी दीर्घकाळ अंगात टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचं. लस महाग, शिवाय ती द्यायला प्रशिक्षित माणूस लागतो. तरीही मासाईंनी ती स्वतःच्या खिशातून पैसे देऊन मोठ्या प्रमाणावर घेतली. टोचलेल्या वासराच्या कानात बिल्ला लावला जातो. बाजारात घेणारा आधी कान बघतो आणि बिल्ल्याच्या वासराला जास्त भाव देतो. लस डोळ्यांना दिसू लागली, आणि बिल्लेवाली वासरं बाळगणं हीच जाणत्या पशुपालकाची खूण झाली.

दुसरं उदाहरण डेन्मार्कमधल्या वराहपालनाचं. गोठ्याच्या दारातच एक आडवा बाक असतो. बाहेरचे बूट अलीकडे काढायचे, बाकावर बसायचं, पाय उचलून पलीकडे टाकायचे, हात धुवायचे, मग पलीकडचे कपडे आणि बूट चढवायचे. कुणी थेट आत शिरू म्हटलं तरी बाक आडवा येतो. या व्यवस्थेचं मला वाटणारं खरं मोल असं, की मालकाला पाहुण्याला तोंडाने काही सांगावं लागत नाही. ‘बूट काढा’ म्हणायला अनेकांना संकोच वाटतो, पाहुण्याचा अपमान होईल अशी भीती वाटते. बाक ते काम करून टाकतो, आणि असा बाक असलेला गोठा नीट चालवलेला गोठा गणला जातो.

४. लस फुकट आहे, माहितीपत्रकं वाटली, सभा घेतल्या. तरी लोक जनावरं पुढे आणत नाहीत. माहिती अजून कमी पडते का?

बहुतेक वेळा नाही. ज्याला लसीचं नाव, आजाराची लक्षणं, सगळं तोंडपाठ आहे असा पशुपालकही लस टाळताना दिसतो. तुम्ही जे सांगताय त्यातून ‘तुला जनावरं सांभाळता येत नाहीत’ असं त्याला ऐकू येतं का, हे आधी तपासा. पिढ्यान्‌पिढ्या कळप राखणाऱ्या माणसाला स्वच्छतेचे धडे दिले की तो मान डोलावतो आणि मनातून उठून जातो.

मात्र प्रत्येक नकार ओळखीच्या खात्यावर टाकणंही चूक आहे. टोचल्यानंतर दोन दिवस दूध घटतं, गाभण जनावराला धक्का बसेल असं वाटतं, मागच्या वेळी टोचलेल्या जागी गाठ आली होती, लसीकरणाचा दिवस ऐन कामाच्या हंगामात येतो. ही कारणं साधी आणि खरी आहेत. ती आधी ऐकून घ्या, सोडवता येतील ती सोडवा. त्यानंतरही नकार उरला तर ओळखीकडे वळा.

५. आजार लपवण्यामागे पैसा असतो की लाज?

दोन्ही असतात, पण बाहेर बोलताना लोक पैशाचं कारण देतात, कारण ते सांगायला सोपं जातं. भरपाई कमी असेल तर आजार लपवला जातो हे खरंच आहे. भरपाई वाढवली तरी काही जण लपवतातच, त्यामागे दुसरी भीती असते. ‘अमक्याच्या गोठ्यातून रोग पसरला’ हे वाक्य माणसाच्या नावाला कायमचं चिकटतं. लोक त्याच्याकडून जनावरं घेणं बंद करतात, दूध गोळा करणारी गाडी त्याच्या दाराशी शेवटी येते, पोरांना शाळेत ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून पहिली खबर देणाऱ्याशी व्यवस्था कशी वागते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्याची चौकशी गुन्हेगारासारखी झाली तर आजूबाजूचे सगळे बघत असतात, आणि पुढचा आजार उशिरा कळतो. लवकर कळवणं हे जबाबदार माणसाचं लक्षण आहे, असं अधिकाऱ्यांनी चार लोकांसमोर म्हणायला हवं. बंद खोलीत म्हटल्याने फारसा फरक पडत नाही. भरपाईच्या रकमेने काय भरून येतं आणि काय येत नाही, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

६. बाधित गोठ्यांची नावं जाहीर करावीत का? खरेदीदाराला कळायला नको का?

कळायला हवं, पण कसं कळवायचं यात सगळं आहे. गायींच्या बीव्हीडी या विषाणूजन्य आजाराचं उदाहरण घ्या. गाय गाभणपणाच्या साधारण पहिल्या चार महिन्यांत बाधित झाली तर पोटातल्या वासराची प्रतिकारशक्ती त्या विषाणूला आपलाच समजते. ते वासरू जन्मभर विषाणू सोडत राहतं, आणि दिसायला कित्येकदा ठणठणीत असतं. असं एक वासरू विकत घेणं म्हणजे कळपात रोग आणून बांधणं. त्यामुळे स्कॉटलंडने २०१० पासून निर्मूलन हाती घेतलं तेव्हा कळपांची स्थिती खरेदीदाराला तपासता येईल अशी सोय केली. आयर्लंडने २०१३ पासून प्रत्येक नवजात वासराच्या कानाचा नमुना तपासणं सक्तीचं केलं.

ही माहिती जनावराशी आणि व्यवहाराशी बांधलेली असते तोवर लोक ती स्वीकारतात. माणसावर कायमचा शिक्का बसला की लपवाछपवी सुरू होते. न्यूझीलंडची गुरांच्या क्षयरोगाची पद्धत मला या बाबतीत शहाणपणाची वाटते. तिथे कळपाच्या दर्जापुढे ‘किती वर्षं रोगमुक्त’ याचा आकडा असतो आणि तो वर्षागणिक चढत जातो. बट्ट्याऐवजी कमावलेली वर्षं मोजली जातात, आणि तो आकडा जपायला पशुपालक स्वतः धडपडतो.

७. सगळेच म्हणतात, ‘रोग बाहेरून आला.’ शेजाऱ्याकडून, व्यापाऱ्याकडून, रानातल्या जनावरांकडून. हे खरं की पळवाट?

बरेचदा ते खरंही असतं, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. इंग्लंडमध्ये गुरांचा क्षयरोग बॅजर या रानटी प्राण्यात आहे आणि तिथून तो गुरांत येतो, याबद्दल शंका नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगात बॅजर मारल्यावर त्या भागातल्या गुरांचा क्षयरोग कमी झाला, पण लगतच्या पट्ट्यात वाढला, कारण उरलेले बॅजर विखुरले आणि लांबवर फिरू लागले. २००७ च्या अंतिम अहवालात स्वतंत्र वैज्ञानिक गटाने बॅजर मारून रोगनियंत्रणात अर्थपूर्ण हातभार लागणार नाही असा निष्कर्ष काढला. तरी २०१३ पासून परवाने देऊन बॅजर मारणं सुरू झालं, आणि वाद अजून धगधगतो आहे.

त्या वादात विज्ञानाइतकीच ओळख गुंतली आहे. रोग रानातून आला म्हटलं की चांगल्या शेतकऱ्याचं चांगलेपण शाबूत राहतं. विकत आणलेल्या गायीतून आला म्हटलं की पारख चुकली असं होतं. शिवाय सगळं नीट करणाऱ्याच्या गोठ्यात रोग येतो आणि निष्काळजी शेजारी सुटतो, असं एकदा डोळ्यांनी बघितलं की ‘शेवटी नशीब’ हा निष्कर्ष पक्का होतो. मग स्वतःच्या हातातली खबरदारीही निरर्थक वाटू लागते. अशा माणसाशी रोग कुठून आला यावर वाद घालू नका. रानातून येणाऱ्या धोक्यावर जे करता येतं, म्हणजे चाऱ्याच्या कोठारापर्यंत आणि पाण्याच्या टाक्यांपर्यंत रानटी प्राणी पोचणार नाहीत असा बंदोबस्त, तिथून सुरुवात करा. तो मुद्दा तुम्ही मान्य केलात की खरेदीच्या जनावरांबद्दल बोलायला तो तयार होतो.

८. माझी धडधाकट गाय चाचणीत बाधित निघाली. कापल्यावर आत काहीच सापडलं नाही. मी चाचणीवर विश्वास का ठेवू?

रागावण्यासारखंच आहे हे. क्षयरोगाच्या त्वचा चाचणीत मानेवर दोन ठिकाणी केस कापून कातडीची जाडी कॅलिपरने मोजतात. एका जागी पक्ष्यांच्या आणि दुसऱ्या जागी गुरांच्या जंतूपासून केलेलं ट्युबरक्युलिन टोचतात. बहात्तर तासांनी पुन्हा मोजतात आणि दोन सुजांची तुलना करतात. मालक शेजारी उभा असतो. डॉक्टर आकडा मोठ्याने सांगतात, आणि चार-पाच मिलिमीटरच्या फरकावर त्या गायीचं मरण ठरतं.

निरोगी गाय या चाचणीत चुकून बाधित ठरण्याची शक्यता फार कमी आहे, साधारण पाच हजारांत एक. उलट बाजूची चूक मोठी आहे. बाधित जनावरांपैकी सुमारे वीस टक्के या चाचणीतून निसटतात. कत्तलीनंतर गाठी दिसल्या नाहीत याचा अर्थ रोग नव्हता असा होत नाही, सुरुवातीच्या गाठी नजरेला सापडण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात.

हे आकडे सांगून वाद मिटेल असं मात्र समजू नका. पशुपालकाची ओळख त्याच्या नजरेवर उभी असते. चालताना मान कशी धरते, रवंथ कसं करते, डोळ्यांत पाणी आहे का, एवढ्यावरून तो आजार ओळखतो, आणि अनेक आजारांत ते बरोबरच येतं. इथे एक यंत्र त्याला सांगतं की तुझी नजर चुकली. हा आजार कुणाच्याच नजरेला लवकर दिसत नाही, डॉक्टरांच्याही नाही, हे चाचणीच्या आधी सांगितलं तर ऐकून घेतलं जातं. निकालानंतर तेच सांगितलं तर सारवासारव वाटते.

९. भरपाई मिळाली, नवीन जनावरंही आली. तरी कळप गमावलेला माणूस का सावरत नाही?

कारण तो कळप म्हणजे तो स्वतः होता. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००१ मध्ये लाळ्या खुरकुताची साथ सुरू झाली. दोन हजारांहून अधिक ठिकाणी संसर्ग सापडला आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. त्यांतली असंख्य निरोगी होती. बाधित गोठ्यातली जनावरं चोवीस तासांत आणि लगतच्या गोठ्यांतली अठ्ठेचाळीस तासांत मारायची असा दंडक होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या कम्ब्रिया या इंग्लंडमधल्या डोंगराळ भागात संशोधकांनी चोपन्न लोकांना दर आठवड्याला रोजनिशी लिहायला सांगितलं. दीड वर्ष चाललेल्या त्या नोंदींत दुःख, भीती, वारंवार उसळून येणारी दृश्यं आणि यंत्रणेवरचा उडालेला विश्वास पानापानावर होता. हे अनुभव फक्त जनावरांच्या मालकांचे नव्हते, गाड्या चालवणाऱ्यांचे, डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचेही होते.

त्या डोंगरांत हर्डविक नावाची मेंढ्यांची काटक जात आहे. तिथल्या मेंढ्यांना कुंपण लागत नाही. कुठल्या उतारावर चरायचं, वादळात कुठे आडोसा घ्यायचा, हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं, आणि ते ज्ञान पिढीमागून पिढी त्या डोंगरावरच राहतं. असा कळप मारला की बाजारातून तितक्याच मेंढ्या आणता येतात, पण त्या डोंगराला ओळखत नाहीत. मेंढपाळाला पुन्हा वर्षानुवर्षं राखण करावी लागते. भरपाईच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

म्हणून कळप मारण्याची वेळ येतेच तेव्हा दुर्मीळ वंश आणि डोंगराला रुळलेले कळप वाचवण्याची योजना आधीच तयार असली पाहिजे. धावपळीत ती सुचत नाही.

१०. समजावून झालं. आता सरळ सक्ती केली तर?

सक्ती कधी कधी लागतेच. पण एखादी गोष्ट हिरावली जातेय असं वाटलं की माणूस तिला अधिक घट्ट धरतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं आणि ते प्रत्येक साथीत दिसतं.

इटलीच्या सार्डिनिया बेटाची गोष्ट या प्रश्नाचं सर्वांत पूर्ण उत्तर देते. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग तिथे १९७८ मध्ये शिरला आणि चार दशकं ठाण मांडून बसला. बार्बाजा आणि ओल्यास्त्रा या डोंगराळ भागांत सामाईक जंगलात डुकरं मोकळी सोडण्याची जुनी रीत होती. त्यांची नोंद नसायची आणि ती रानडुकरांत मिसळायची. बंदी होती, दंड होते, तरी डुकरं मोकळीच राहिली. तिथल्या माणसासाठी मोकळं डुक्कर म्हणजे सामाईक रानावरचा हक्क होता, आणि दूरच्या सत्तेपुढे न झुकण्याची खूणही. दंड जितका वाढे तितकी ती खूण उजळत जाई.

२०१४ नंतर मार्ग बदलला. एकीकडे बेनामी मोकळ्या डुकरांना पोलीस बंदोबस्तात मारणं सुरू झालं. दुसरीकडे नोंदणी करणाऱ्याला कुंपणाच्या आत अर्धमुक्त पद्धतीने डुकरं पाळायला मान्यता मिळाली आणि मदतही. म्हणजे ‘तुझी रीत सोड’ असा हुकूम राहिला नाही, ‘तुझी रीत या कुंपणात चालव’ असं झालं. पाळीव डुकरांतली शेवटची लागण २०१८ मध्ये नोंदली गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने बेटावरचे निर्बंध उठवले. सक्तीशिवाय हे झालं नसतं, हे मान्य करायलाच हवं. नुसत्या सक्तीने आधीची साडेतीन दशकं काही झालं नव्हतं, हेही तितकंच खरं.

११. निरोप कोणी द्यावा? डॉक्टरांनी, अधिकाऱ्यांनी की शेजारच्या पशुपालकाने?

नेहमी येणारा पशुवैद्यक हा बहुतेक ठिकाणी सर्वांत विश्वासाचा माणूस असतो. पण तोच उपचार करतो आणि तोच सरकारतर्फे चाचणी घेतो तेव्हा त्याची फार ओढाताण होते, याचं भान असू द्या.

आपल्यातल्याच माणसाच्या हातून काय घडू शकतं हे बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाच्या निर्मूलनाने दाखवलं. वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास केनियात तयार केलेली लस उत्तम होती, पण तिला सतत गारवा लागे. युद्धग्रस्त आणि दुर्गम चराऊ प्रदेशांत तो राखणं अशक्य होतं. पुढे जेफ्री मॅरिनर यांनी तिचं उष्णता सहन करणारं रूप विकसित केलं, जे फ्रीजशिवाय महिनाभर टिकतं. त्यामुळे लस भटक्या पशुपालकांतल्याच माणसांच्या हाती देता आली. इथिओपियातला अफार प्रदेश, दक्षिण सुदान, युगांडातला करामोजा इथे समाजाने आपली माणसं निवडली, त्यांना थोडं प्रशिक्षण मिळालं आणि ती पायी कळपांपर्यंत पोचली. कुठला कळप कधी कुठे असतो, कुणाच्या कळपात कुणाचा शब्द चालतो, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. शेवटची ज्ञात लागण २००१ मध्ये केनियात आढळली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर मुळासकट गेलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग.

१२. परंपरेने चालणारे पशुपालक नव्या उपायांना आडवे येतात, हे खरं नाही का?

सरसकट खरं नाही. मासाई लोक विल्डबीस्ट या रानातल्या चरणाऱ्या प्राण्याच्या माद्या व्यायच्या हंगामात आपली गुरं त्यांच्या चरण्याच्या मैदानांपासून लांब नेतात, चारा कितीही हिरवा असला तरी. विल्डबीस्टच्या कोवळ्या वासरांकडून एक विषाणू गुरांत जातो आणि गुरं मरतात. विज्ञानाने त्या विषाणूला नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून हा शिरस्ता पाळला जातोय. अशा ठिकाणी पशुपालकाला शिकवण्याआधी त्याला विचारावं. या आजाराला काय म्हणता, तो कधी येतो, आधी कुठलं जनावर पडतं? आफ्रिकेत बुळकांडीचे शेवटचे अड्डे शोधायला अशाच मुलाखती फार उपयोगी पडल्या.

१३. जनावरं घरातली बाई सांभाळते, पण सभेला पुरुष येतात. याने फरक पडतो का?

खूप. कोंबड्या आणि शेळ्या-मेंढ्या अनेक समाजांत बायकांच्या ताब्यात असतात. कागदावर मालक पुरुष असतो, म्हणून निरोप, प्रशिक्षण आणि भरपाई त्याच्याकडे जाते. आजार सर्वांत आधी जिला दिसतो तिला ‘पशुपालक’ म्हणून कुणी मोजतच नाही.

राणीखेत म्हणजे मानमोडीवरची आय-२ ही लस इथे वेगळी ठरली. ती उष्णतेत बऱ्यापैकी टिकते आणि डोळ्यात थेंब टाकून देता येते, सुई लागत नाही. मोझांबिक आणि टांझानियात गावातल्या बायकांना ती द्यायला शिकवलं गेलं. दारोदार जाऊन कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकणाऱ्या बाईकडे लोक मग आजार विचारायला येऊ लागतात. हा मान तिच्याकडे आल्यावर खबरही लवकर बाहेर पडते.

१४. आमच्याकडे हौसेच्या चार कोंबड्या आहेत. आम्ही शेतकरी नाही. हे नियम आम्हाला कशाला?

विषाणूला हौस आणि धंदा यातला फरक कळत नाही. बर्ड फ्लू चार कोंबड्यांतूनही पसरतो. तुम्ही स्वतःला शेतकरी मानत नाही म्हणून ‘शेतकऱ्यांसाठी सूचना’ असं लिहिलेलं पत्रक तुम्ही वाचत नाही, हीच खरी अडचण आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची झाली ती याचसाठी. मोहिमा आखणाऱ्यांना एवढंच सांगणं, की या लोकांशी बोलताना ‘उत्पादन’ आणि ‘तोटा’ हे शब्द बाजूला ठेवा. ते कोंबड्यांना नावाने हाक मारतात, तिथून बोला.

१५. गोठ्यागोठ्यांची तुलना केली तर लोक सुधारतात का?

मोजमाप सगळ्यांना न्याय्य वाटत असेल तर सुधारतात. डेन्मार्कने २०१० मध्ये वराहपालनात पिवळ्या कार्डाची पद्धत आणली. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रतिजैविकं वापरणाऱ्याला ताकीद मिळते, आणि वापर घटला. पण लहान कळपात एकच आजारी जनावर आकडा फुगवतं, हे मोजणाऱ्याने लक्षात घेतलं नाही तर चांगला माणूस यादीच्या तळाशी जातो आणि मोजणीवरूनच त्याचं मन उठतं. शिक्क्याचे धोके प्रश्न ६ मध्ये आलेच आहेत.

१६. पशुपालकाच्या अभिमानाचा असा वापर करणं म्हणजे त्याला फसवणं नाही का?

उपाय त्याच्या जनावरांच्या खरोखर भल्याचा नसेल आणि केवळ आकडे गाठायला अभिमान चेतवला जात असेल, तर ती फसवणूकच आहे. मी स्वतः एक कसोटी वापरतो. जे आपण आपसात बोलतो ते त्याच्यासमोर जसंच्या तसं बोलता येईल का? ‘तुमच्या गोठ्याकडे बघून बाकीचे लस घेतात, म्हणून तुमच्याकडे आधी आलो’ हे तोंडावर सांगता येतं. ‘याला जरा चढवला की काम होईल’ हे येत नाही.

१७. एकाच भागात पशुपालकांचे दोन गट विरुद्ध भूमिका घेतात तेव्हा काय करायचं?

‘पशुपालक काय म्हणतात’ हा प्रश्नच तेव्हा चुकीचा ठरतो. फ्रान्समध्ये जून २०२५ मध्ये लंपी त्वचारोग पहिल्यांदा आला. एक जनावर बाधित निघालं तरी सगळा कळप मारायचा आणि भोवतालच्या पट्ट्यात लस द्यायची असं धोरण होतं. देशातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी संघटनेने त्याला साथ दिली. एरवी एकमेकींच्या टोकाला असलेल्या दोन छोट्या संघटना मात्र विरोधात एकत्र आल्या. डिसेंबरमध्ये आरिएज भागात एका कळपाला वाचवायला लोक गोठ्याभोवती जमले, आणि पोलिसांच्या बंदोबस्तात तो कळप मारावा लागला. निर्यात जपणारा पशुपालक आणि आपला वंश जपणारा पशुपालक यांची ‘चांगल्या’ कामाची व्याख्याच वेगळी होती. दोघांना एका सभेत बसवून एकमताची वाट बघत बसण्यापेक्षा दोघांशी वेगवेगळं बोलावं. त्यांच्यात काय समान आहे ते आधी पक्कं करावं, जसं की लस लवकर मिळणं किंवा जनावरांची ने-आण थांबवणं.

१८. साथ भडकली आहे, तासातासाला नवे गोठे सापडताहेत. तेव्हाही ओळखीचा विचार करत बसायचं का?

नाही. लाळ्या खुरकुतासारखा रोग इतका वेगाने पसरतो की मनं वळवायला आठवडे घालवणं परवडत नाही. तेव्हा ने-आण बंदी ताबडतोब लागू झाली पाहिजे आणि ती सगळ्यांना सारखी हवी. मोठ्या डेअरीला सूट आणि लहान गोठ्याला बंदी असं दिसलं तर सारा धाक निघून जातो. विश्वास हा साथीच्या आधी कमवायचा असतो, साथीत तो फक्त खर्च होतो.

घाईतही काही गोष्टी मात्र करता येतातच आणि त्या टाळू नयेत. कळप मारण्याचा निर्णय मालकाला गाड्या दाराशी यायच्या आधी कळावा, आणि तो त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून किंवा त्यांच्यासमोर कळावा. त्या वेळी तिथे थांबायचं की नाही हे त्याला ठरवू द्यावं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना दुसरीकडे नेण्याइतका वेळ द्यावा. कुठलं जनावर आधी, कुठलं नंतर, हे त्याला विचारावं. अनेक जण आपली सर्वांत जुनी गाय कुणाच्या हातून आणि कधी जावी हे सांगतात, आणि ते ऐकायला दहा मिनिटंही लागत नाहीत.